अर्धा दगड, अर्धे लोखंड

उत्तर चिलीतल्या आटाकामा वाळवंटात, ताल्ताल बंदरापासून आत देशाकडे, १८६१ साली खाणशोधकांना काही विलक्षण जड दगड सापडले. बाहेरून तपकिरी आणि गंजलेले, फोडले की आत काळपट दगडात धातूचे कण चमकायचे. ही माणसे चांदीच्या शोधात होती. चान्यार्सियोच्या प्रसिद्ध चांदीच्या खाणी याच कोरड्या पट्ट्यात, दक्षिणेकडे, १८३२ पासून चालू होत्या. तेव्हा हे चांदीचेच खनिज, असा निष्कर्ष त्यांनी काढला यात नवल नाही. दगड फोडले गेले, तुकडे ठिकठिकाणी नेले गेले, पण चांदी निघाली नाही. धातू होता तो लोखंड आणि निकेल यांचा. वाका मुएर्ता या नावाने आज ओळखला जाणारा हा अशनी होता. त्याच्या सापडलेल्या तुकड्यांचे एकूण वजन सुमारे ३.८ टन भरते. खाणशोधकांनी डोळ्यांनी पाहिले ते बरोबरच होते: दगड होता, धातू होता आणि दोन्ही एकत्र होते. चूक झाली ती दगड आणि धातू एकत्र दिसले एवढ्यावरून त्या वस्तूचे कूळ ठरवण्यात. हीच चूक, थोड्या सुसंस्कृत रूपात, अशनींच्या शास्त्रानेही बराच काळ केली. वाळवंटात सापडलेल्या अश्म-लोह अशनीचा वर्ग ठरवताना धातू किती आणि दगड किती हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी असतो. विचारायचे ते हे की धातू कोणत्या दगडाच्या शेजारी आहे, आणि हे शेजारपण कसे घडले.

अशनींची ढोबळ विभागणी सगळ्यांच्या परिचयाची आहे: अश्म, लोह आणि मधला अश्म-लोह. पडताना पाहिलेल्या शंभर अशनींत या मधल्या प्रकारचा जेमतेम एखादा असतो. पण अशनीविज्ञानाचा आरंभ झाला तो याच दुर्मीळ प्रकारापासून. सायबेरियात क्रास्नोयार्स्कच्या दक्षिणेला १७४९ साली सापडलेला सुमारे ७०० किलोंचा एक गोळा पुढे पेटर सिमोन पालास या निसर्गवैज्ञानिकाच्या नजरेस आला. स्पंजासारख्या लोखंडाच्या पोकळ्यांत पिवळसर, पारदर्शक खडे बसलेले होते. १७९४ मध्ये एर्न्स्ट क्लाडनीने या लोखंडाचा आधार घेऊन असे दगड आकाशातून येतात असे प्रतिपादन केले, तेव्हा बहुतेक विद्वानांना ते हास्यास्पद वाटले. १८६३ मध्ये बर्लिनच्या गुस्टाफ रोझेने संग्रहालयातल्या अशनींचे वर्गीकरण मांडले. त्यात पालासच्या लोखंडासारख्यांना पॅलासाइट हे नाव मिळाले आणि धातू व दगड बारीक मिसळलेल्या दुसऱ्या एका गटाला मेसोसिडेराइट. पुढे आणखी दोन गटांची भर पडून अश्म-लोहाचे चार वर्ग झाले. दोन मोठे होते. उरलेल्या दोघांत जवळजवळ एकेकच नमुना होता: सॅक्सनीतला श्टाइनबाख आणि १८६८ मध्ये मुलतानजवळ लोधरान येथे पडलेला, जेमतेम किलोभर वजनाचा लोड्रान.

आज यांतले दोनच वर्ग अश्म-लोहात राहिले आहेत, आणि बाकीचे दोन का गेले हे पाहण्यासारखे आहे. लोड्रानमध्ये धातू, ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन ही तिन्ही साधारण सारख्या प्रमाणात आहेत. प्रमाणावर जायचे तर याच्याइतका अस्सल अश्म-लोह अशनी दुसरा नाही. पण त्याची खनिजे आणि समस्थानिके तपासल्यावर त्याचे खरे सोयरे निघाले ते १९७६ मध्ये मेक्सिकोत पडलेल्या आकापुल्को या अशनीसारखे दगड, म्हणजे अर्धवट वितळून थांबलेल्या एका लघुग्रहाचे अवशेष. तिथे धातू बाहेरून आलेला नाही, तो मूळ दगडातलाच, वितळण्याच्या उंबरठ्यावरून परत फिरलेला आहे. श्टाइनबाखचे उलटे झाले. त्याच्या धातूतल्या सूक्ष्म मूलद्रव्यांचे प्रमाण लोह अशनींच्या एका ठरावीक कुळाशी तंतोतंत जुळले, आणि त्यातला पायरॉक्सिन व सिलिका हा त्या लोखंडात शिरलेला पाहुणा ठरला. तिसरे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १९३० मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात सापडलेल्या बेनकबिनमध्ये निम्म्याहून जास्त धातू आहे आणि तोही एके काळी अश्म-लोह मानला जाई. आज तो कार्बनयुक्त काँड्राइटांच्या एका शाखेत, म्हणजे अश्म अशनींमध्ये बसतो. त्यातले धातूचे गोळे कुठल्याही लघुग्रहाच्या गाभ्यातले नसून, एका प्रचंड टकरीत उठलेल्या वाफेतून थिजले असावेत असे त्यांची रासायनिक घडण सांगते. अर्ध्याहून अधिक लोखंड असलेली वस्तू दगडांच्या पंक्तीत जाते आणि त्यात कुणाला वावगे वाटत नाही, यावरून प्रमाण या कसोटीची किंमत कळावी.

यावर एक साधा आक्षेप येतो. ही सगळी अपवादांची उदाहरणे आहेत. वाळवंटात दगड उचलणाऱ्याला कुठूनतरी सुरुवात करावीच लागते, आणि धातू दिसतो ते सुरुवातीला पुरेसे नाही का? सुरुवातीला पुरेसे आहेच. चुंबक चिकटतो का, कानशीने घासल्यावर पांढरा धातू दिसतो का, त्यात निकेल आहे का, एवढ्यावर भट्टीची मळी आणि अशनी बहुतेक वेळा वेगळे करता येतात. कारण मळीतल्या लोखंडात निकेल सहसा नसते आणि अशनीतल्या लोखंडात ते पाच-सहा टक्क्यांहून सहसा कमी नसते. पण अशनी आहे हे कळणे वेगळे आणि कोणता अशनी हे कळणे वेगळे. शिवाय वाळवंटात प्रमाण हे नुसते अपुरे नाही, ते बिघडलेलेही असते. आटाकामातच १८२२ पासून माहीत असलेला इमिलाक हा सुंदर पॅलासाइट आहे. त्याच्या मोठ्या तुकड्यांच्या पॉलिश केलेल्या कापांत मधाच्या रंगाचे ऑलिव्हिन उजेडाला धरले की आरपार दिसते. त्याच्याच लहान तुकड्यांत मात्र ऑलिव्हिन झिजून गळून गेलेले असते आणि हाती येतो तो जाळीदार धातूचा नुसता सांगाडा. उलट ज्या अशनीत धातू बारीक कणांनी विखुरलेला असतो तिथे आधी तोच गंजतो आणि दगड शिल्लक राहतो. एका जागी वाळवंट दगड खाते, दुसऱ्या जागी लोखंड. अशा वेळी उरलेल्या टक्केवारीवरून मूळ वस्तूबद्दल काही ठरवणे म्हणजे वाळवंटाच्या हवामानाचाच अहवाल लिहिणे झाले.

मग पाहायचे काय? पॅलासाइटचा काप शेंगदाण्याच्या चिक्कीसारखा दिसतो: ऑलिव्हिनचे मोठे, बहुधा सुटे दाणे आणि त्यांच्या भोवती अखंड पसरलेला धातूचा पाक. हे रूप सांगते की धातू पातळ असताना दाण्यांमध्ये शिरला आणि दोघेही नंतर फार सावकाश निवले. काप सौम्य नायट्रिक आम्लाने धुतला की धातूवर एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची विडमनश्टेटन नक्षी उमटते. ती निकेलच्या अणूंनी लक्षावधी वर्षे घन धातूतून हळूहळू सरकत केलेली असते, कुठल्याही कारखान्यात ती घडवता येत नाही. मात्र नक्षीवरूनही घाईने निष्कर्ष काढू नये. १९९८ मध्ये न्यू मेक्सिकोत पडलेल्या पोर्टालेस व्हॅली या अशनीत धातूच्या जाड शिरा आहेत आणि त्यांत ही नक्षीही आहे, तरी तो साध्या काँड्राइटांपैकी एक आहे. नक्षी सावकाश निवल्याचा पुरावा देते, गाभ्याचा नव्हे. पॅलासाइटची ओळख खरी पक्की होते ती ऑलिव्हिनच्या घडणीवरून. मुख्य गटात ते मॅग्नेशियमने समृद्ध असते, लोहाचा वाटा साधारण अकरा ते तेरा टक्के. ईगल स्टेशन या अशनीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छोट्या गटात तो वीसच्या आसपास जातो. असे ऑलिव्हिन वितळलेल्या लघुग्रहाच्या खोल भागात, गाभ्यावरच्या प्रावरणात तयार होते. महाराष्ट्राच्या खात्यावरही या जातीचा एक दगड जमा आहे: पुणे भागात १८४७ साली मिळालेला, नोंदींत सिंघूर या नावाने असलेला पॅलासाइट.

वाका मुएर्ताचा पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की यापेक्षा अगदी निराळे जग दिसते. ऑलिव्हिन नावापुरते. मुख्य खनिजे म्हणजे पायरॉक्सिन आणि कॅल्शियमयुक्त प्लॅजिओक्लेज, म्हणजे ज्वालामुखी खडकांत, आपल्या दख्खनच्या बेसाल्टातही असणारी जोडी. ही खोलवरची खनिजे नाहीत, ती कवचाची खनिजे आहेत. शिवाय हा दगड एकसंध नाही. तो फुटलेल्या, भरडलेल्या, वेगवेगळ्या जागच्या तुकड्यांचा पुन्हा जुळून झालेला खच आहे, आणि धातू त्या भरडीत बारीक कणांच्या व गाठींच्या रूपाने पसरला आहे. म्हणजे इथे प्रावरण गाळून थेट कवच आणि लोखंड एकमेकांना भेटले आहेत. कोणत्याही शांत, थरावर थर असलेल्या लघुग्रहात ही भेट होऊ शकत नाही. मेसोसिडेराइट हा वर्ग उभा आहे तो या विसंगतीवर. धातू पन्नास टक्के आहे की तीस, याने त्यात काही फरक पडत नाही. त्या वर्गात आणखी दोन मोजपट्ट्या लावतात: प्लॅजिओक्लेज किती यावरून अ, ब, क आणि नंतरच्या उष्णतेने दगड किती पुन्हा स्फटिकला यावरून १ ते ४. वाका मुएर्ता अ-१ मध्ये येतो: बेसाल्टी घडणीचा आणि नंतरच्या तापाने सर्वांत कमी बदललेला. म्हणूनच त्याच्या भरडीतले मूळ तुकडे अजून ओळखू येतात आणि अभ्यासकांना तो इतका प्रिय आहे.

पण याच प्रिय गुणातून सर्वांत अडचणीचा आक्षेप उभा राहतो. वाका मुएर्तातले काही तुकडे म्हणजे चांगले मोठे गोटे आहेत, आणि त्यांत धातू जवळपास नाहीच. ते युक्राइटसारखे, म्हणजे शुद्ध बेसाल्टी अशनीसारखे दिसतात. असा एखादा गोटा धातूच्या भरडीतून सुटून वाळूत एकटाच पडला आणि कुणी तो उचलून प्रयोगशाळेत पाठवला, तर तिथले तज्ज्ञ त्याला बिनदिक्कत अश्म अशनींत टाकतील, आणि हातातल्या पुराव्यापुरते ते चूकही नसतील. सायबेरियातल्या सेइम्चान या अशनीचे नेमके असे झाले. १९६७ मध्ये सापडलेले त्याचे तुकडे निव्वळ धातूचे होते आणि तो लोह अशनी म्हणून नोंदला गेला. २००४ मध्ये त्याच जागी ऑलिव्हिनने भरलेले तुकडे मिळाले आणि तो पॅलासाइट झाला. मग तळहाताएवढ्या कापावरून वर्ग ठरवण्याच्या साऱ्या उद्योगाला अर्थ काय? अर्थ आहे, पण मर्यादित. वर्गीकरण होते ते हातातल्या नमुन्याचे. पडलेल्या संपूर्ण वस्तूबद्दल ते केवळ एक अनुमान असते. ते अनुमान बळकट होते ते तुकडे नेमके कुठे पडले होते या नोंदीने. आटाकामात तुकड्यांच्या जागा नकाशावर मांडता आल्या, म्हणून धातूविरहित गोटे आणि धातूची भरड एकाच वस्तूचे भाग आहेत असे खात्रीने म्हणता येते. जागेची माहिती हा खनिजांइतकाच वर्गीकरणाचा पुरावा आहे. दुर्दैवाने वाळवंटी बाजारात सर्वांत आधी हरवते ती तीच.

खनिजांवर विसंबून चालत नसेल तर ऑक्सिजनच्या समस्थानिकांना विचारावे, असे कुणी म्हणेल. ऑक्सिजनच्या तीन स्थिर समस्थानिकांच्या गुणोत्तरांतून पृथ्वीच्या रेषेपासून दगड किती दूर आहे हे सांगणारा एक आकडा काढतात. पृथ्वीच्या खडकांसाठी तो शून्य. पॅलासाइटांच्या मुख्य गटासाठी तो उणे ०.१८ प्रतिहजारच्या आसपास येतो आणि मेसोसिडेराइटांसाठी उणे ०.२४. फरक नखाएवढा वाटतो, पण २००६ मध्ये ग्रीनवुड आणि सहकाऱ्यांनी अतिसूक्ष्म मोजमापांनी दाखवले की तो खरा आहे: हे दोन वर्ग एकाच लघुग्रहाचे नाहीत. त्याच अभ्यासात मेसोसिडेराइटांचा आकडा मात्र होवार्डाइट, युक्राइट आणि डायोजेनाइट या, वेस्टा नावाच्या लघुग्रहाचे तुकडे मानल्या जाणाऱ्या, अश्म अशनींशी तंतोतंत जुळला. १९९४ मध्ये राजस्थानात पडलेला लोहावट हा यांतलाच एक होवार्डाइट. म्हणजे रोझेने एका फळीवर शेजारी ठेवलेले दोन अश्म-लोह वर्ग एकमेकांचे कुणीच लागत नाहीत, आणि त्यांतल्या एकाचे आप्त चक्क दगडांच्या फळीवर आहेत.

वाळवंटी नमुन्याबाबत इथेही सावध राहावे लागते. गंज आणि चुनखडीची पुटे पृथ्वीच्या पाण्यातून ऑक्सिजन घेतात आणि आकडा शून्याकडे ओढतात. म्हणून मोजण्याआधी नमुना आम्लाने धुऊन गंज काढून टाकावा लागतो. आणि आकडे जुळले म्हणजे कूळ एक, असेही नाही. ऑब्राइट नावाच्या अश्म अशनींचा ऑक्सिजन पृथ्वीच्या रेषेवर जवळजवळ तंतोतंत बसतो, पण ते पृथ्वीचे तुकडे आहेत असे कुणी म्हणत नाही. ही कसोटी नाते नाकारण्यात पक्की आहे आणि नाते सिद्ध करण्यात लंगडी. आधी खनिजे आणि पोत यांनी वर्ग सुचवावा, मग समस्थानिकांनी तो तपासावा, हाच क्रम ठीक.

उलट्या दिशेनेही हरकत घेता येते: वर्ग जर इतिहासावर ठरवायचा, तर सरळ मूळ लघुग्रहाचेच नाव का देऊ नये? मेसोसिडेराइट म्हणजे वेस्टाचे तुकडे, पॅलासाइट म्हणजे गाभा आणि प्रावरण यांच्या सीमेवरचे तुकडे, असे लिहून मोकळे का होऊ नये? मला हा मोह धोक्याचा वाटतो, आणि त्याची कारणे गेल्या काही वर्षांतच समोर आली आहेत. पॅलासाइटांची सीमारेषेची गोष्ट पाठ्यपुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली. पण मुख्य गटातले पॅलासाइट सगळे एका गतीने निवलेले नाहीत. एकाच गाभ्याच्या पृष्ठभागावरचे असते, तर ते जवळपास सारख्या गतीने निवायला हवे होते. २०१२ मध्ये टार्डुनो आणि सहकाऱ्यांनी इमिलाक आणि एस्केल या पॅलासाइटांच्या ऑलिव्हिनमधल्या सूक्ष्म धातुकणांत जुन्या चुंबकीय क्षेत्राची खूण शोधली. लघुग्रहाचा गाभा अजून पातळ असून क्षेत्र निर्माण करत असताना हे दाणे चुंबकत्व नोंदवण्याइतके थंड झाले होते. पातळ गाभ्याला चिकटलेला खडक इतका थंड असूच शकत नाही. तेव्हा निदान हे दोन तरी सीमेपासून बरेच वर, प्रावरणात असले पाहिजेत, आणि त्यांच्यातला धातू बहुधा दुसऱ्या कुठल्या आदळलेल्या वस्तूचा. सीमारेषेची गोष्ट यामुळे डळमळली. पॅलासाइट हा वर्ग मात्र जागच्या जागी राहिला, कारण तो गोष्टीवर नव्हे तर ऑलिव्हिन, धातू आणि त्यांच्या मांडणीवर बेतलेला होता.

मेसोसिडेराइटांची गोष्ट तर अजून चालूच आहे. धातूच्या गाठींची रासायनिक घडण बरीच एकसारखी असल्याने मिसळताना धातू वितळलेला होता असे दिसते. दगड मात्र थंड आणि भरडलेला. म्हणजे वितळलेल्या गाभ्याचे लोखंड कवचावर येऊन पडले. हे लोखंड आदळणाऱ्याचे की ज्याच्यावर आदळले त्याचे? लघुग्रह स्वतःच फुटून त्याचाच गाभा वर आला म्हणावे, तर वाटेतले ऑलिव्हिनचे प्रावरण कुठे गेले? ते मेसोसिडेराइटांत अगदी थोडे आहे, आणि या कूटप्रश्नाचे सर्वमान्य उत्तर नाही. शेवटी साधारण ५०० अंशांच्या खाली हा सगळा खच दहा लाख वर्षांत एका अंशाहूनही कमी इतक्या संथपणे निवला. अशनींत आढळलेल्या सर्वांत मंद गतींपैकी ही एक आहे, आणि ती खच खोल गाडला गेल्याशिवाय शक्य नाही. २०१९ मध्ये मेसोसिडेराइटांतल्या झिरकॉन कणांच्या वयावरून धातू आणि दगड मिसळण्याची घटना ४५२.५ कोटी वर्षांपूर्वीची ठरवली गेली आणि तिची जागा वेस्टा असल्याचे सुचवले गेले. ऑक्सिजन त्याला अनुकूल आहे. ऑब्राइटांचा धडा लक्षात ठेवला, तर अनुकूल यापुढचा शब्द वापरण्याची अजून वेळ आलेली नाही. वेस्टाचे नाव वर्गाच्या पाटीवर लिहिले आणि उद्या ती वेस्टा नसल्याचे निघाले, तर सगळ्या संग्रहालयांतल्या पाट्या बदलाव्या लागतील.

आता वाळवंटातल्या व्यवहाराकडे. सहारात सापडणारे बरेचसे अशनी भटक्या जमातींकडून मोरोक्कोच्या बाजारात येतात, आणि तिथपर्यंत पोचताना नेमकी जागा कुणालाच ठाऊक नसते. अशांना गावाचे नाव न देता वायव्य आफ्रिका आणि एक क्रमांक असे नाव मिळते. मेटिऑरिटिकल सोसायटीची नामकरण समिती ते मान्य करते, आणि त्यासाठी नमुन्याचा वीस टक्के भाग किंवा वीस ग्रॅम, यांतले जे कमी असेल ते, एखाद्या मान्य संस्थेत कायमचे ठेवावे लागते. मेसोसिडेराइटसाठी वीस ग्रॅम फार थोडे आहेत असे मला वाटते. ज्या दगडातला एकेक गोटाच त्याहून जड असू शकतो, त्याचा वीस ग्रॅमचा काप भरडीचा प्रतिनिधी असेलच असे नाही. शिवाय एकाच वस्तूचे तुकडे निरनिराळ्या व्यापाऱ्यांच्या हाती गेले की त्यांना वेगवेगळे क्रमांक मिळतात, आणि ते मुळात एक होते हे सिद्ध करायला पुन्हा तीच खनिजे, तोच ऑक्सिजन, तीच निवण्याची गती लागते. वाका मुएर्ताला हे सगळे क्रमांक निघण्याच्या कितीतरी आधी भोगावे लागले आहे: एकोणिसाव्या शतकात त्याचे तुकडे सिएरा दे चाको, यानो देल इंका, दोन्या इनेस अशा नावांनी स्वतंत्र अशनी म्हणून संग्रहांत गेले, आणि ते सारे एकच आहेत हे ठरवताना त्यांतल्या लोखंडाचे प्रमाण कुणाच्या उपयोगी पडले नाही.